मागच्या रांगेतला चेलो

या स्मरणिकेत बहुतेकांनी शाळेच्या आठवणी लिहिल्या असतील. मी मात्र एका वाद्याचा इतिहास सांगणार आहे. तो आपल्या वर्गाला लागू पडतो असं मला वाटतं.

चेलो हे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं वाद्य, खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. सतराव्या शतकातल्या इटलीत त्याचं काम एकच होतं, खालचे स्वर सांभाळायचे. गायक आणि व्हायोलिन पुढे, हा मागे.

कारण तारेत होतं. स्वर खाली आणायचा तर तार लांब हवी, नाहीतर जड हवी, हे आपण विज्ञानात शिकलोच. तेव्हा तारा जनावराच्या आतड्याच्या असत. जाड केल्या की आवाज बोजड होई. लांब केल्या की वाद्य एवढं मोठं होई की बोटं भरभर फिरत नसत. १६६०च्या सुमारास बोलोन्या शहराच्या परिसरात आतड्याच्या तारेवर धातूची बारीक तार गुंडाळू लागले, असं मानलं जातं. वजन वाढलं, जाडी फारशी वाढली नाही. मग वाद्य लहान करता आलं.

त्याच शहरातल्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये दोमेनिको गाब्रिएल्ली चेलो वाजवत असे. १६८९ मध्ये त्याने एकट्या चेलोसाठी रचना लिहिल्या आणि पुढच्याच वर्षी तो वारला. क्रेमोनाच्या स्त्रादिवारीने १७०७च्या सुमारास लहान आकाराचा चेलो घडवला. पुढे तेच माप रूढ झालं. विवाल्डीने चेलोसाठी वीसहून अधिक कॉन्चेर्तो लिहिले. १७२०च्या सुमारास बाखने सहा सुइट रचले, साथीला दुसरं कुणीही नाही! त्याचं मूळ हस्तलिखित हरवलं. पत्नी आना माग्दालेनाने केलेली नक्कल मात्र टिकली.

हे सगळ्यांना रुचलं नाही. १७४० मध्ये ह्यूबेर ल ब्लाँने जुन्या ‘व्हिओल’ वाद्याची बाजू घेत चेलोच्या वाढत्या तोऱ्याविरुद्ध पुस्तकच छापलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एखादी गोष्ट चालत नसेल तर आधी तिच्यावर कसली मर्यादा आहे ते शोधायचं, हा आमचा धडा. चेलोत सूर होता, कमी होती ती तारेत. आपल्याही वर्गात मागच्या बाकावर न बोलणारे बरेच होते, मीही त्यातलीच. आपल्या बाई आणि सर आम्हाला ‘ढ’ ठरवून मोकळे झाले नाहीत. आमचं नेमकं कुठे अडतंय ते त्यांनी शोधलं.