शपथ आणि सत्य

इ. स. १८८० साली नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनी चार्लस ब्रॅडलॉ यांस पार्लमेंटात निवडून दिले. ब्रॅडलॉ हे उघड निरीश्वरवादी. ईश्वराच्या नावे शपथ घेण्याऐवजी केवळ प्रतिज्ञा करण्याची मुभा त्यांनी मागितली. सभागृहाच्या समितीचा कौल विरुद्ध पडला. मग ते शपथेस सिद्ध झाले, तो नास्तिकाच्या शपथेस अर्थ नाही म्हणून तीही घेऊ दिली नाही! आरंभीच मौन धरून त्यांनी शपथ उच्चारली असती, तर बहुधा कोणी हरकत घेतली नसती. एक रात्र त्यांस घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडण्यात आले. जागा गेली, तरी मतदारांनी पुनःपुन्हा त्यांनाच निवडले. अखेर १८८६ साली त्यांस प्रवेश मिळाला, व १८८८ साली त्यांच्याच खटपटीने प्रतिज्ञेचा कायदा झाला. पुढल्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास ते उपस्थित होते.

आज भारताच्या राज्यघटनेतही मंत्र्यांस व लोकप्रतिनिधींस शपथ आणि प्रतिज्ञा असे दोन्ही मार्ग मोकळे आहेत. देवावाचून नीती नाही, असे म्हणणाऱ्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे की, आपले मत लपवून जागा मिळविणे या नास्तिकास रुचले नाही.