तीन तासांचे एकेचाळीस तास : रिटोनाविर आणि झोपेची गोळी

१/ १ मार्च १९९६. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘रिटोनाविर’ या एचआयव्हीविरोधी औषधास मान्यता दिली. अर्ज आल्यापासून अवघ्या ७२ दिवसांत. घाईला कारण होते. एड्समुळे त्या देशात दरवर्षी हजारो तरुण मृत्युमुखी पडत होते.

२/ विषाणूची नवी प्रत पक्व होण्यासाठी ‘प्रोटिएज’ हे विकर, म्हणजे एन्झाइम, लागते. रिटोनाविर ते रोखते. अशी प्रोटिएजरोधके इतर औषधांच्या जोडीने देण्यास प्रारंभ झाला आणि १९९७ मध्ये अमेरिकेतील एड्समृत्यू आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ४७ टक्क्यांनी घटले.

३/ मात्र रिटोनाविर आणखी एका विकरास जखडून ठेवत असे. मानवी यकृतात व आतड्यांत ‘सीवायपी ३ए४’ असते. असंख्य औषधांचे विघटन तेच करते.

४/ ट्रायझोलम ही झोपेची गोळी आणि शस्त्रक्रियेपूर्वी गुंगीसाठी दिले जाणारे मिडॅझोलम, या दोन्ही शामकांचा निचरा याच विकरावर अवलंबून असतो. रात्री परिणाम करून शरीरातून लवकर निघून जाणे हाच ट्रायझोलमचा लौकिक.

५/ सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना ही जोडी देण्यात आली. रक्तातील ट्रायझोलम निम्म्यावर येण्यास एरवी सुमारे ३ तास लागत. रिटोनाविरसोबत ४१ तास लागले. निचऱ्याचा वेग ४ टक्क्यांच्याही खाली गेला.

६/ याचा अर्थ गंभीर होता. दुसऱ्या रात्रीची गोळी घेताना पहिलीचा मोठा अंश रक्तात शिल्लक राहणार. गुंगी वाढत जाऊन श्वासही मंदावू शकतो. प्राणघातक आजाराशी झुंजणाऱ्यांना निद्रानाश व चिंता नेहमीच्याच. त्यामुळे ही दोन औषधे एकाच रुग्णाच्या हाती येणे सहज शक्य होते.

७/ त्याच अभ्यासात झोल्पिडेम या दुसऱ्या झोपेच्या औषधाचा निचरा ७८ टक्क्यांपर्यंतच उतरला. झोपेच्या सगळ्याच गोळ्या सारख्या नसतात. शरीर त्यांना कोणत्या वाटेने बाहेर काढते, यावर धोका ठरतो.

८/ पुढे हाच दोष उपयोगी पडला. लोपिनाविर हे औषध शरीरात फार लवकर नष्ट होई. सन २००० मध्ये त्यास अल्प मात्रेतील रिटोनाविरची जोड मिळाली आणि ते रक्तात टिकू लागले.

९/ २२ डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेत कोविडवरील ‘पॅक्सलोविड’ला आपत्कालीन परवानगी मिळाली. त्यातील निर्माट्रेल्विरला टिकवणारे औषधही रिटोनाविरच. आता ते अशा वृद्धांपर्यंत पोहोचणार होते, ज्यांच्या रोजच्या डब्यात आधीच अनेक गोळ्या होत्या. निषिद्ध औषधांच्या यादीत ट्रायझोलम व तोंडावाटे घ्यायचे मिडॅझोलम पुन्हा आले.

१०/ जुने शामक एकाएकी थांबवणेही घातक असते. प्रसंगी झटके येतात. म्हणूनच विषाणुरोधक औषध सुरू होण्यापूर्वी वैद्यांना झोपेच्या गोळीचे नाव सांगणे अगत्याचे ठरते.