तितर, मोह आणि परवाना

शहादे तालुक्यातील पुरुषोत्तमनगर म्हटले की सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आठवतो. उसाच्या फडांपलीकडे उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ दिसते. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही या परिसरात सेवेला आलो, तेव्हा पहिल्याच नाताळास एक वृद्ध भिल्ल गृहस्थ भेट घेऊन दारात उभे राहिले. पळसाच्या पानांत बांधलेले दोन तितर आणि मोहाच्या दारूची एक बाटली. तितर रानातले होते, बाटलीवर लेबल नव्हते. दोन्ही वस्तू कायद्याने निषिद्ध. आम्ही त्या परत केल्या, वर चार उपदेशाचे शब्दही ऐकवले. ते गृहस्थ काही न बोलता पायऱ्या उतरून गेले. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीने मनाला जो चटका लावला, त्याचा शोध घेता घेता हा लेख झाला.

रानपाखराचे मांस आणि मद्याचा पेला ही जोडी जगात फार जुनी. तितर, लावा, रानकोंबडा यांचे मांस पाळीव कोंबडीसारखे मऊ नसते. ते कोरडे, चरबीहीन आणि रानवट चवीचे असते. युरोपात त्याच्या जोडीला बिअर घेतात, यात मोठी समज आहे. भाजलेल्या सातूचा किंचित गोडवा त्या रुक्षपणाला ओलावा देतो, आणि कडवटपणा रानवट वास आवरतो. आमच्या भिल्ल बांधवांना सातू ठाऊक नसला, तरी विस्तवावर भाजलेल्या तितराशी धुराचा वास असलेली, मोहाच्या गोडव्याची दारू जुळते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही ही जोडी डोकावते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या एकोणचाळिसाव्या प्रकरणात अशक्त आजाऱ्यांखेरीज सर्वांना चतुष्पाद प्राण्यांचे मांस वर्ज्य केले. पाखरे द्विपाद! त्यांचे काय, यावर पुढे मठामठांतून वाद झडले. पोटाला पळवाट सापडायला फार काळ लागत नाही, हे आम्ही धर्मगुरूंनी तरी नाकारू नये. पुढच्याच प्रकरणात द्राक्षारसाचे दैनिक माप ठरवून दिले आहे. जेथे द्राक्षे पिकत नसत तेथे बिअर आली. संत गॉल यांच्या मठासाठी सुमारे ८२० साली आखलेला एक नकाशा स्वित्झर्लंडमध्ये आजही जपून ठेवलेला आहे. त्यात कोंबड्यांचे व हंसांचे खुराडे आहेतच, शिवाय बिअर गाळण्याच्या तीन जागा आहेत: एक मठवासीयांची, एक प्रतिष्ठित पाहुण्यांची आणि तिसरी यात्रेकरूंची व गोरगरिबांची. ही तिसरी जागा वाचकांनी ध्यानात ठेवावी.

हीच जोडी इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचा हॉजसन आपली बिअर जहाजांनी इकडे पाठवू लागला. पुढे १८५०च्या दशकात एडवर्ड डायर याने हिमालयाच्या कुशीत कसौलीस बिअरचा कारखाना काढला. जालियनवाला बागेतील १९१९च्या हत्याकांडाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो जनरल डायर याच मद्योत्पादकाचा पुत्र.

साहेबाच्या छावणीत पाखरू आणि पेला एकाच मेजावर येत. पुढे राष्ट्रसभेचे एक संस्थापक ठरलेले ॲलन ह्यूम यांनी मार्शल यांच्यासह शिकारीच्या पक्ष्यांवर तीन जाडजूड खंड १८७९ ते १८८१ या काळात प्रसिद्ध केले. त्याच दशकात डेव्हिडसन नावाचे मुलकी अधिकारी खानदेशात, याच शहादे-तळोद्याच्या पट्ट्यात, बंदुकीने पक्ष्यांचे नमुने गोळा करीत होते. त्यांत रानपिंगळाही होता. तो त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे कोणास दिसला नाही, आणि नोव्हेंबर १८९७ नव्हे, १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळच पुन्हा भेटला. मुंबईची कथा तर अधिकच गमतीची. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा कारभार ज्यांनी दीर्घकाळ वाहिला ते हर्बर्ट फिप्सन हे मद्याचे व्यापारी, आणि संस्थेचे बिऱ्हाडही लवकरच त्यांच्याच जागेत थाटले गेले. १९०८च्या सुमारास बालवयातील सालिम अली आपण मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ज्यांच्याकडे गेले, ते मिलर्ड साहेबही त्याच पेढीतले.

साहेबाचा पेला असा ज्ञानाच्या सोबतीने मिरवत असता भिल्लाच्या पेल्याचे काय झाले?

मोहाची फुले चैत्राच्या आगेमागे पहाटे गळतात. बायकामुले ती टोपलीत वेचतात, उन्हात वाळवतात. ही फुले शर्करेने भरलेली असतात. भाकरीला धान्य नसेल तेव्हा तीच शिजवून खातात. भिजवून आंबवली आणि मडक्यातून गाळली की दारू होते. तिची पहिली धार देवाला आणि पूर्वजांना, मग माणसांना. जन्म, लग्न, मरण, तंट्याची तडजोड, काहीच तिच्यावाचून पुरे होत नसे.

१८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने हे गाळणे सरकारच्या मुठीत गेले. मक्ता घेणाऱ्याची दारू विकत घ्यावी, घरची गाळल्यास दंड वा तुरुंग. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा झाला. झाडाखाली पडलेले फूल जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकले. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती, तेव्हा आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या पणजोबांनी हा कायदा पाहिलेला असणार. दारू मात्र कमी झाली नाही. ती दुकानात गेली, उधारीवर मिळू लागली, आणि उधारीपायी शेते गेली. संत गॉलच्या नकाशातील ती तिसरी जागा येथे परवानेदाराच्या हाती पडली होती.

या अन्यायाला उत्तर दिले ते पिणाऱ्यांनीच. पालघरकडील मच्छीमार वस्त्यांतून उठलेली देवीची चळवळ १९२२ साली डांग, खानदेश आणि सुरतेपर्यंत पसरली. अंगात आलेल्या देवीची आज्ञा अशी, की दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज स्नान करा. लोकांनी कोंबड्या-बकऱ्या विकून टाकल्या. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचा इतिहास सविस्तर मांडला आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराजांनी हीच शिकवण दिली आणि हजारो भिल्ल भगत झाले. पाखरू आणि पेला दोन्ही त्यांनी एकदमच खाली ठेवले. आम्हांला यात विरक्तीइतकीच स्वाभिमानाची घोषणा दिसते.

१९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या भिल्ल नेत्याने जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न हाती घेतला, पण दारूचा प्रश्न पुढे आणला तो स्त्रियांनी. गावोगाव त्या गुत्त्यांवर चालून गेल्या आणि त्यांनी मडकी फोडली. नवरा पिऊन आला की मार कोणाला बसतो, हे त्यांना कोणत्याही प्रवचनातून कळायचे नव्हते. मोहाची थोरवी गाणाऱ्या विद्वानांनी या फुटलेल्या मडक्यांकडेही पाहावे, अशी आमची विनंती आहे. गंमत अशी, की याच सुमारास, १९७३ साली, महाराष्ट्रात देशी मद्याचे नियम झाले आणि उसाच्या मळीपासूनची दारू परवान्याने राजरोस विकली जाऊ लागली. १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत मोहफूल आणि मळी दोन्ही होती. मळीला वाट सापडली, फूल अडकून राहिले.

पाखरांची कथा निराळी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१च्या दुरुस्तीने साहेबी शिकारीची परंपरा संपली, ते योग्यच झाले. तितर आता सर्वांनाच वर्ज्य. हॉटेलात मिळतो तो लावा पाळीव, जपानी जातीचा. बायबलमध्ये वाळवंटातील इस्राएल लोकांवर लाव्यांचे थवे उतरतात. निर्गमच्या पुस्तकात ते दान आहे, गणनेच्या पुस्तकात तेच हावरेपणामुळे मृत्यूचे कारण ठरते. पाखरू तेच.

पुढच्या नाताळास ते वृद्ध गृहस्थ पुन्हा आले. आम्हाला आश्चर्य वाटले. या खेपेस त्यांच्या हातात फडक्याची लहानशी पुरचुंडी होती, आत वाळलेली मोहफुले. “फादर, यात दारू नाही,” ते म्हणाले. मोहफुलांच्या संकलनावरचे आणि साठवणीवरचे निर्बंध महाराष्ट्र शासनाने उठवले ते २०२१ साली. त्या दिवशी ती पुरचुंडीही परवान्यावाचूनचीच होती. आम्ही ती घेतली, आणि त्यांना आत बसायला सांगितले.