रंग उडवणारं ऊन

बाजारात नवा रंग आला की माझे वडील त्यावर लगेच विश्वास ठेवत नसत. सोलापूरच्या पूर्व भागात आमचा सूत रंगवण्याचा लहानसा कारखाना होता. नाना त्या रंगात एक लडी बुडवत, वाळली की पुठ्ठ्यावर गुंडाळत, अर्ध्या भागावर काळा कागद बांधत आणि पुठ्ठा एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवून देत. काही दिवसांनी कागद सोडायचा. झाकलेला आणि उघडा भाग सारखाच दिसला तर रंग पक्का. मधे रेघ उमटली तर तो रंग चादरीला चालणार नाही, मग व्यापारी काहीही सांगो. आमच्या घरात उन्हाचा विषय निघे तो रंग खाणारा म्हणून. पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि आयुष्यभर तेच शिकवलं. तेव्हा कळलं की या रंग खाण्याच्याच गुणावर रंगाने नासलेलं पाणी साफ करायची एक मोठी आशा उभी आहे. तिचा इतिहास सांगायचा तर आधी आमच्या धंद्याचा सांगायला हवा.

दीडशे वर्षांपूर्वी वऱ्हाड-खानदेशात सुती लुगड्याचा लाल रंग आल या झाडाच्या मुळांतून येई. झाड दोन-तीन वर्षं वाढू द्यायचं, मग जमीन खोल खणून मुळं काढायची. जाड मुळात रंग कमी, बारीक मुळात जास्त, म्हणून भावही तसाच. तुरटीशिवाय तो रंग सुतावर बसत नसे. निळीचं काम निराळी समाजाकडे होतं. कुसुंब्याचा गुलाबी सगळ्यांत देखणा, पण उन्हात टिकत नसे; सणाला नेसायचं आणि विटला की पुन्हा रंगवून घ्यायचं, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं होतं. रंगकामाचं सांडपाणी तेव्हाही ओढ्यालाच जाई. पण ते थोडं होतं, आणि त्यातला रंग झाडांतूनच आलेला होता.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा मुलगा डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनमधून क्विनीन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. ग्रीनफर्डला कालव्याच्या काठी त्याने कारखाना काढला. त्या आठवड्यात तिथे कोणता रंग बनतो आहे हे कालव्याच्या पाण्यावरून कळे, अशी आठवण त्या भागात सांगितली जाते. ती वाचली तेव्हा मला आमच्या गल्लीतलं गटार आठवलं. सोमवारी लाल, बुधवारी हिरवं. आम्ही मुलं त्यावरून कुठल्या कारखान्यात काय चाललंय ते ओळखत असू. कृत्रिम रंगांच्या पहिल्याच कारखान्याने जे केलं तेच शंभर वर्षांनी आमच्या दारात चालू होतं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

१८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेतला लाल रंग, अलिझारिन, प्रयोगशाळेत बनवला. पुढच्याच वर्षी जून महिन्यात जर्मनीच्या बाजूने रसायनतज्ज्ञ कारो आणि त्याचे सहकारी, आणि इंग्लंडमध्ये पर्किन, यांनी तो स्वस्तात बनवण्याच्या पेटंटसाठी एकाच दिवसाच्या अंतराने अर्ज केले. या स्पर्धेची किंमत आल पिकवणाऱ्या शेतकऱ्यानेही मोजली. त्याच्या तीन वर्षांच्या पिकापेक्षा डब्यातली पूड स्वस्त पडू लागली, आणि आलीची शेतं एका पिढीत ओस पडली.

त्या आधी, १८५८ मध्ये, पीटर ग्रीसला दोन नायट्रोजन अणूंच्या जोडणीची किल्ली सापडली होती. तिच्यातून ॲझो रंगांचं प्रचंड कुटुंब जन्माला आलं. १८८४ मध्ये पेटंट घेतलेला काँगो रेड तुरटीशिवायच सुतावर बसे. १९५६ पासून प्रोसियन रंग आले. ते कापसाच्या तंतूशी रासायनिक बंधानेच जोडले जातात. नाना म्हणत, हा रंग म्हणजे सुताचं हाडच. पण रंगाच्या कुंडात सगळा रंग सुताकडे जात नाही. काही भाग पाण्याशीच जोडला जातो, आणि तो मग सुतावर कधीच बसत नाही. गडद छटा असेल तर लिटरला ५० ते ८० ग्रॅम मीठ घालावं लागतं, वर सोडा. उरलेला रंग, मीठ, सोडा असं सगळं गटारात. साबण, घाम, ऊन यांना पुरून उरावा म्हणून हा रेणू मुद्दाम घडवलेला आहे. नदीत पोचल्यावर त्याचा तोच चिवटपणा कायम राहतो. शिवाय काही ॲझो रंग तुटले की त्यांतून कर्करोग घडवणारी अमाइन्स निघतात. अशा रसायनांचा धोका तर १८९५ पासून माहीत होता. लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने त्या वर्षी फुक्सिनच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठींची नोंद केली होती. आपल्याकडे अशा रंगांवर बंदी येईपर्यंत १९९० चं दशक उजाडलं. या शंभर वर्षांचा मला अजून राग येतो.

आता दुसरी गोष्ट. ती सुरू होते ती भिंतीच्या रंगापासून.

१९११ साली जर्मनीत अलेक्झांडर आयब्नर या रसायनतज्ज्ञाने दाखवलं की झिंक ऑक्साइडमध्ये मिसळलेला प्रशियन निळा प्रकाशात फिका पडतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात नॉर्वे आणि अमेरिकेत टायटॅनियम डायऑक्साइडचं उत्पादन सुरू झालं. शिशाच्या विषारी पांढऱ्यापेक्षा हा पांढरा शुभ्र आणि निर्धोक. पण भिंतींना तो लावला की काही हंगामांत हाताला पांढरी पूड लागे आणि सोबतचे रंग विटत. प्रकाश पडला की हा पांढरा कण आपल्याभोवतीचं तेल आणि रंगद्रव्य जाळत होता, स्वतः मात्र जसाच्या तसा राहत होता. १९३८ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुडीव्ह आणि किचनर यांनी हे नीट मोजलं: टायटॅनियम डायऑक्साइड, हवेतला ऑक्सिजन आणि अतिनील किरण मिळून कापडाचा रंग उडवतात. आज ज्याला प्रकाश-उत्प्रेरण म्हणतात ते हेच. पण तेव्हा हा दोष होता. रंग कंपन्यांनी प्रत्येक कणावर ॲल्युमिना-सिलिकाचा थर चढवून त्याचं तोंड बंद केलं, आणि प्रश्न मिटला असं मानलं.

तुमच्या घरच्या भिंतीवरच्या रंगात आजही तो थर दिलेलेच कण आहेत. हा भाग मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत विलक्षण वाटतो. पाणी शुद्ध करू शकेल अशी शक्ती हाती होती, आणि तिला आवरायला एका अख्ख्या उद्योगाने आपली बुद्धी खर्च केली. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. रंग टिकवणं हे त्यांचं काम होतं, नानांचंही तेच होतं.

१९६७ च्या सुमारास तोक्यो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हा विद्यार्थी प्राध्यापक केनिची होंडा यांच्या हाताखाली काम करत होता. पाण्यात बुडवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर त्याने प्रकाश टाकला तेव्हा स्फटिकापाशी ऑक्सिजनचे आणि समोरच्या प्लॅटिनमवर हायड्रोजनचे बुडबुडे आले. १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला, १९७३ मध्ये तेलाचं संकट, आणि जग पाण्यापासून इंधनाची स्वप्नं पाहू लागलं. इंधन काही स्वस्तात मिळालं नाही. पण १९७६ मध्ये कॅनडात जॉन केरी यांनी हीच पांढरी पूड आणि प्रकाश वापरून पाण्यातली क्लोरीनयुक्त विषं फोडली, आणि पुढच्या वर्षी टेक्सासमध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी सायनाइडचं रूपांतर करून दाखवलं. रंगकामाचं सांडपाणी या वाटेवर ओघानेच आलं.

क्रिया अशी. सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा लहान तरंगलांबीचा प्रकाश कणावर पडला की आतला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत उडी मारतो आणि त्याच्या जागी रिक्त जागा उरते. ही रिक्त जागा पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक बनवते, आणि तो जवळ असलेल्या जवळजवळ कोणत्याही सेंद्रिय रेणूचा लचका तोडतो. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला जाऊन मिळतो. हे सगळं पृष्ठभागावर घडतं, म्हणून कण जितका बारीक तितकं काम जास्त. वीसेक नॅनोमीटरच्या कणांच्या एका ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर भरतो, म्हणजे सोलापुरातल्या दोन खोल्यांच्या घराएवढा.

इथवर सगळं छान आहे. यापुढे मात्र मला माझ्या शाखेतल्या लोकांशी भांडायचं आहे.

आज देशभरातल्या महाविद्यालयांत एमएस्सीच्या प्रकल्पात मेथिलीन ब्ल्यू शुद्ध पाण्यात विरघळवतात, नवी नॅनोपूड टाकतात, दिवा लावतात, निळा रंग गेला की टक्केवारी लिहितात. मेथिलीन ब्ल्यू १८७६ मध्ये अलिझारिनवाल्या कारोनेच बनवला. तो स्वतःच प्रकाश शोषतो, त्यामुळे फिका पडण्याचं श्रेय पुडीचं की त्याचं स्वतःचं हे एवढ्यावरून ठरत नाही. दुसरं म्हणजे इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचं रंगहीन रूप बनतं, आणि हवा लागली की ते पुन्हा निळं होतं. निराळ्याच्या घरातल्या मुलालाही ही गोष्ट ठाऊक असायची. निळीच्या कुंडातून सूत पिवळट-हिरवं निघतं आणि वाऱ्यावर धरलं की डोळ्यांदेखत निळं होतं. रंग दिसेनासा होणं आणि रेणू संपणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे जो धंदा पिढ्यान्‌पिढ्या हातांनी शिकला, त्याच धंद्याचं पाणी साफ करायला निघालेले आम्ही फक्त रंग मोजतो.

आणि कुंडाचं खरं पाणी? त्यात मीठ आहे आणि सोडा आहे. क्लोराइड आणि कार्बोनेट हे दोन्ही हायड्रॉक्सिल मूलकाला आधीच गाठून संपवतात. पाणी इतकं गडद असतं की प्रकाश काही मिलिमीटरच्या पलीकडे जात नाही. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. दृश्य प्रकाशावर काम व्हावं म्हणून २००१ मध्ये जपानी संशोधकांनी या पुडीत नायट्रोजन मिसळून पाहिला, ती वाट चांगली आहे. पण पूड पाण्यातून परत काढण्याचा प्रश्न उरतोच. इतके बारीक कण सहजी तळाला बसत नाहीत, आणि नदीत नवी पूड सोडण्यासाठी आपण हे करत नाही. काचेवर किंवा मातीच्या गोळ्यांवर कण पक्के बसवले तर ते टळतं, पण कामाचा वेग घटतो.

म्हणून माझं मत असं, की ही पद्धत पहिल्या कुंडाच्या तोंडाशी लावू नये. आधी मीठ वेगळं काढावं, जिवाणूंना पचेल ते पचू द्यावं, आणि शेवटी उरलेल्या फिक्या, चिवट पाण्यावर ती लावावी. स्पेनच्या अल्मेरियात उन्हाखाली नळ्यांच्या रांगा मांडून वर्षानुवर्षं अशी चाचणी चालली आहे, आणि ऊन सोलापुरातही कमी नाही. माझ्याकडे प्रकल्प घेऊन येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगते: बाटली घेऊन अक्कलकोट रस्त्यावरच्या एखाद्या रंगकारखान्यात जा, मालकाला नम्रपणे विचार, तिसऱ्या धुण्याचं पाणी आण. प्रयोगाआधी आणि नंतर त्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोज, अमाइन्स तपास, क्लोराइड किती होतं तेही लिही. रंगाची टक्केवारी शेवटच्या पानावर दिली तरी चालेल.