अन्नद्वेष आणि त्याचे अभ्यासक

नागपुरांत सक्करदरा चौकानजीक शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. त्या बाजूनें जाण्याचा प्रसंग आला म्हणजे प्रस्तुत लेखकास माधवनिदानांतील अरोचकाच्या प्रकरणाची हटकून आठवण होते. आयुर्वेदाचे विद्यार्थी पिढ्यानुपिढ्या ज्या ग्रंथावर रोगपरीक्षा शिकत आले, तो हा सुमारें बाराशें वर्षांपूर्वींचा ग्रंथ. त्यावरील जुन्या टीकेंत भोजाच्या नांवानें एक मार्मिक भेद केलेला आढळतो. तोंडांत घातलेलें अन्न रुचत नाहीं, तो अरोचक; अन्नाचें नुसतें स्मरण, दर्शन किंवा श्रवण झालें तरी तिटकारा येतो, तो भक्तद्वेष; आणि क्रोधानें वा भयानें अन्नावरची वासनाच उडते, तो अभक्तच्छंद. भक्त म्हणजे शिजलेलें अन्न. जिभेचा दोष आणि मनाचा दोष एकाच पारड्यांत टाकावयाचा नाहीं, एवढें आमच्या वैद्यांनीं निश्चित ओळखलें होतें.

परंतु भरल्या घरांत, वाढणारीं माणसें विनवणी करीत असतां, चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आपण होऊन उपाशी कां राहते, आणि अस्थिपंजर झाली तरी ‘मला कांहीं झालेलें नाहीं’ असें कां म्हणते, हा प्रश्न स्वतंत्रपणें हातीं घेतला तो युरोपांतील वैद्यांनीं. आपल्याकडे तो लवकर लक्षांत न येण्याचें एक कारण उघड आहे. मुलीचा उपास ही आपल्या घरांत कौतुकाची गोष्ट. हरतालिका झाली, चतुर्थी झाली, पुढें सोमवारहि आला. पोरगी श्रद्धाळू निघाली म्हणून आजी समाधान पावते, आणि पोरीच्या बांगड्या कोपरापर्यंत चढूं लागेपर्यंत कोणाला शंका येत नाहीं.

या अभ्यासाचा आरंभ बहुधा रिचर्ड मॉर्टन याच्यापासून सांगतात. हा मूळचा धर्मोपदेशक. १६६२ सालच्या धार्मिक निर्बंधांपुढें मान तुकविली नाहीं म्हणून त्याची वृत्ति गेली व तो वैद्यकाकडे वळला. १६८९ सालीं त्यानें क्षयरोगावर लॅटिनमध्यें ग्रंथ लिहिला. त्यांत खोकला नाहीं, ताप नाहीं, तरी झिजत चाललेल्या दोन रोग्यांची हकीकत आहे. पहिली अठरा वर्षांची मुलगी. अहोरात्र पुस्तकांत बुडालेली. औषधांना कंटाळून तिनें तीं सोडलीं, आणि तीन महिन्यांनीं मूर्च्छा येऊन ती वारली. दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. त्याला मॉर्टननें अभ्यास सोडून खेड्यांत जाण्यास, घोड्यावर बसण्यास व दूध घेण्यास सांगितलें. तो बराच सुधारला. हा विकार मुलग्यांनाहि होतो ही गोष्ट पुढें लोक वारंवार विसरले. पहिल्या अभ्यासकाला मात्र ती ठाऊक होती.

त्यानंतर जवळजवळ दोन शतकें गेलीं. १८७३ हें वर्ष या इतिहासांत महत्त्वाचें. त्या वर्षीं एप्रिलमध्यें पॅरिसच्या शार्ल लासेगनें आणि ऑक्टोबरमध्यें लंडनच्या सर विल्यम गलनें एकाच विकाराचें वर्णन केलें. गल हा राणी व्हिक्टोरियाचा वैद्य. त्याच्या टिपणांतील एक सतरा वर्षांची मुलगी ८२ पौंडांवर आली होती. दोन वर्षांनीं ती १२८ पौंडांची झाली. तिचीं आजारांतील व आजारानंतरचीं चित्रें त्यानें शेजारीं शेजारीं छापलीं. ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हें नांव त्याचेंच. नांव तितकेंसें बरोबर नाहीं. त्याचा अर्थ भूक न लागणें असा होतो, आणि या मुलींना भूक लागते. ती दाबून ठेवण्यांतच त्यांचें सारें सामर्थ्य खर्च होतें.

गलपेक्षां लासेगचें लिखाण आम्हांस अधिक सखोल वाटतें, कारण तो रोग्याबरोबर त्याचें घरहि पाहतो. आधीं घरचीं माणसें निरनिराळे पदार्थ पुढें करतात, विनवितात. तें साधलें नाहीं म्हणजे धमकावतात. दोन्ही उपाय जों जों वाढावे तों तों मुलीचा नकार घट्ट होतो, आणि अखेरीस घरांत दुसरा विषयच उरत नाहीं. आपल्याकडील ‘माझ्या गळ्याची शपथ’ ज्यांनीं ऐकली आहे, त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं.

गलचा उपाय मात्र कठोर होता. रोग्याला ठराविक वेळीं खाऊं घालावें आणि ज्यांचा तिच्यावर नैतिक दाब चालेल अशांच्या हातीं तिला सोंपवावें; आप्तस्वकीय हे सर्वांत वाईट शुश्रूषक, असें त्याचें मत. पॅरिसच्या शार्कोनें तर एका मुलीच्या आईबापांना शहर सोडून जावयास लावलें. तीं गेलीं हें कळतांच मुलगी खाऊं लागली. या यशाचा अर्थ फार ओढून ताणून लावला गेला. मुलीला घरापासून तोडणें हा उपचार ठरला, आणि उपचाराच्या मागोमाग आईबाप दोषी आहेत हा समजहि रुग्णालयांतून रुजला.

मध्यें एक वेगळेंच वळण आलें. हॅम्बुर्गचा मॉरिस सिमंड्स यानें १९१४ सालीं मेंदूच्या तळाशीं असलेली पीयूषिका ग्रंथि नष्ट झालेल्या एका स्त्रीची कृशता वर्णिली. लगेच सर्व कृश मुलींचें मूळ त्या ग्रंथींत शोधण्याची लाट उसळली व तिचे अर्क टोचण्यांत येऊं लागले. जॉन राइल प्रभृति इंग्रज वैद्यांनीं १९३६ नंतरच्या काळांत दोन्ही रोग पुन्हां वेगळे केले. तोंवर दोन दशकें निघून गेलीं होतीं.

या विषयांतला सर्वांत विलक्षण प्रयोग या मुलींवर झालाच नाहीं. १९४४च्या नोव्हेंबरांत मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीझ यानें ३६ निरोगी तरुण निवडले. युद्धांत शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीनें नकार दिलेले ते लोक होते. सहा महिने त्यांना अर्धपोटीं ठेवण्यांत आलें. वजन सुमारें एक चतुर्थांश उतरलें. उद्देश युद्धोत्तर युरोपांतील उपाशी लोकांना सावरण्याचें शास्त्र ठरविण्याचा होता. पण दिसलें तें असें : हे धडधाकट पुरुष पाकशास्त्राचीं पुस्तकें जमवूं लागले, जेवण फार वेळ लांबवूं लागले, चिडखोर व एकलकोंडे झाले. म्हणजे ज्या गोष्टी मुलींच्या स्वभावाचा दोष म्हणून वर्णिल्या जात, त्यांतील कित्येक निव्वळ उपासमारीचीं फळें होतीं! कीझचा द्विखंडात्मक ग्रंथ १९५० सालीं प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास भारतांतील अन्नशास्त्रज्ञांपुढें निराळीच भूक उभी होती. १९४३ सालीं बंगालमध्यें लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. कुन्नूरच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेचे संचालक आयक्रॉइड हे त्या दुष्काळाच्या चौकशी-समितीवर होते. त्याच प्रयोगशाळेंत केंब्रिजहून परतलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनीं काम केलें. नंतर मुंबईस त्यांनीं नीरेचा अभ्यास केला तो कुपोषित मुलांच्या हितासाठीं. अन्न मिळत नाहीं त्याचें काय करावें, या प्रश्नापुढें मिळालेलें अन्न नाकारणाऱ्या मुलीचा प्रश्न आपल्याकडे मागें पडला, याचा दोष कोणाला द्यावा असें वाटत नाहीं.

युद्धोत्तर काळांतील मोठें नांव हिल्डे ब्रुख यांचें. जर्मनींत १९०४ सालीं जन्मलेल्या या यहुदी डॉक्टरीणबाई १९३३ सालीं देश सोडून इंग्लंडास व पुढील वर्षीं अमेरिकेस गेल्या. त्यांनीं आरंभीं लठ्ठ मुलांचा अभ्यास केला. १९७३ व १९७८ सालच्या त्यांच्या पुस्तकांनीं हा विकार सामान्य वाचकांपर्यंत नेला. मुलगी काय म्हणते तें त्यांनीं ऐकलें, हें त्यांचें श्रेय. पण बालकाची भूक ओळखण्यांत आई चुकते येथें विकाराचें मूळ आहे, या त्यांच्या विवेचनानें आधींच पोळलेल्या आयांच्या कपाळीं आणखी एक डाग आला. मोठ्या माणसाची चूकहि मोठी पडछाया टाकते.

ती पडछाया दूर सारण्याचें काम लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयांत झालें. तेथील जेरल्ड रसेल यांनीं १९७९ सालीं अधाशीपणें खाऊन मग वांती करण्याच्या विकारास ‘बुलिमिया नर्व्होसा’ हें नांव दिलें होतें. रसेल, श्मुक्लर, डेअर व आयस्लर यांनीं १९८७ सालीं ८० रोग्यांवरील तुलना प्रसिद्ध केली. ज्यांचा ॲनोरेक्सियाचा आजार एकोणीस वर्षांच्या आंत सुरू झाला व तीन वर्षांपेक्षां कमी मुरला होता, त्यांना एकट्यानें बोलण्यापेक्षां कुटुंबासह केलेला उपचार अधिक लागू पडला. मॉड्स्लेमध्यें शिकलेले डॅनियल ल ग्रांज आणि स्टॅनफर्डचे जेम्स लॉक यांनीं सहकाऱ्यांसह २००१ सालीं त्या पद्धतीची पोथी तयार केली. तींत आईबापांना दोष नाहीं. मुलीला पुन्हां खातें करण्याचा भार मात्र त्यांच्यावरच आहे. आरंभींच्या एका बैठकींत सारें कुटुंब घरचें अन्न घेऊन येतें आणि उपचारकासमोर जेवतें! या दोघांच्या २०१० सालच्या पाहणींत १२ ते १८ वर्षांचे १२१ रोगी होते. उपचार संपतांना फरक निर्णायक नव्हता. वर्षानंतर पाहतां कुटुंबोपचारांतील शेंकडा ४९ पूर्ण बरे आढळले, वैयक्तिक उपचारांतील शेंकडा २३. शंभरांतील उरलेल्या एकावन्नांचें काय, हा प्रश्न अर्थात् शिल्लकच आहे. आणि आमच्या एकत्र कुटुंबांत त्या बैठकीला आई बसणार कीं सासू, हा आणखी एक!

पौर्वात्य देशांकडून या शास्त्राला मिळालेली भर निराळ्या प्रकारची आहे. हाँगकाँगच्या सिंग ली यांनीं १९९३ सालीं ७० चिनी रोग्यांचें टिपण दिलें. त्यांतील निम्म्याहून अधिकांना लठ्ठ होण्याची भीति नव्हतीच. १९९५ सालीं दिल्लीच्या खंडेलवाल, शरण व सक्सेना यांनीं पांच तरुण स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. अन्न नको, वांत्या होतात, वजन उतरतें. पण सडपातळ दिसण्याचा ध्यास नाहीं. पाश्चात्य कसोटींत त्या पुरत्या बसत नव्हत्या.

अमेरिकन मानसोपचार-संघटनेनें २०१३ सालीं आपल्या निदानग्रंथाची जी पांचवी आवृत्ति काढली, तींत ही कसोटी कांहीं अंशीं बदलली. भीति बोलून दाखविली नाहीं, तरी वजन वाढूं न देणारें सततचें वर्तन पुरेसें मानलें. आणि अन्नाच्या रंगरूपाचा वा वासाचा तिटकारा येऊन खाणें टाळणाऱ्यांसाठीं एक वेगळें सदर उघडलें. तें वर्णन वाचतांना भक्तद्वेषाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. तरी दोन्ही एकच असें म्हणण्याची घाई करूं नये. भोजाच्या व्याख्येंत रोग्याचें वय नाहीं, आणि त्याला घरांत कोण वाढत होतें हेंहि नाहीं.