वाशीम जिल्ह्यातील अध्यापक प्रशिक्षण : खर्च व मिळकतीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० असून तीपैकी चार-पंचमांशाहून अधिक लोक खेड्यांत राहतात. शेती प्रामुख्याने कोरडवाहू. सोयाबीन, तूर व कापूस ही मुख्य पिके. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आपत्तीग्रस्त जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीमचा समावेश होता. अशा प्रदेशात घराजवळ मिळू शकणारी, दरमहा पगाराची नोकरी म्हणजे शिक्षकाची नोकरी, ही धारणा दृढ होणे स्वाभाविक होते. त्यामुळे डी.एड. व बी.एड. या अभ्यासक्रमांकडे शेतकरी कुटुंबांनी केवळ शिक्षण म्हणून नव्हे, तर गुंतवणूक म्हणून पाहिले. प्रस्तुत शोधनिबंधात या गुंतवणुकीचा ताळेबंद इतिहासाच्या आधारे मांडला आहे.

अध्ययनाची उद्दिष्टे

१) अध्यापक प्रशिक्षण व शिक्षकाचे वेतन यांच्या संबंधाचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२) प्रशिक्षणाच्या खर्चाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) इ.स. २००० नंतरच्या शासकीय निर्णयांचा मिळकतीवर झालेला परिणाम तपासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात वाशीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडण्यात आला. त्या काळापासून मराठी शाळांत ‘ट्रेन्ड’ व ‘अनट्रेन्ड’ मास्तर असा भेद रूढ झाला आणि प्रशिक्षणाचा दाखला हा वेतनाशी जोडला गेला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित व शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, आणि दाखला मिळवलेल्या शिक्षकास दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे, अशी मागणी केली. मोठ्या गावांत ते १५ ते २० रुपये असावे, असेही त्यांनी सुचविले. या मागणीमागील तत्त्व महत्त्वाचे आहे. शेतकऱ्याच्या मुलाने शिकून दाखला मिळवावा, तर त्या दाखल्याची किंमत आधीच ठरलेली असावी, हे ते तत्त्व होय.

स्वातंत्र्योत्तर काळात हे तत्त्व बऱ्याच अंशी प्रत्यक्षात आले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यान्वित होऊन प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. १९७७ च्या कायद्याने व १९८१ च्या नियमावलीने खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींना संरक्षण मिळाले. पाचव्या वेतन आयोगात प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकास ४५००-७००० ही वेतनश्रेणी मिळाली. प्रशिक्षण, नियुक्ती, वेतनश्रेणी व निवृत्तिवेतन अशी सरळ वाट या पिढीला दिसली, आणि पुढील पिढीने त्याच अपेक्षेने प्रवेश घेतले.

खर्चाची बाजू

प्रशिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ शुल्क, पुस्तके व खोलीभाडे नव्हे. त्यात वर्षांची किंमतही धरली पाहिजे. बारावीनंतरची पदविका दोन वर्षांची आहे. पदवीनंतरचे बी.एड. पूर्वी एक वर्षाचे होते. ते २०१५-१६ पासून दोन वर्षांचे झाले. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यात पहिली शिक्षक पात्रता परीक्षा झाली आणि दाखल्यापुढे आणखी एक पायरी आली. पुढे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीची भर पडली. ही चाचणी डिसेंबर २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली. २०१८ मध्ये बाविसाव्या वर्षी प्रशिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवारास पहिली संधी सत्ताविसाव्या वर्षी मिळाली. ही पाच वर्षे कोणत्याही शुल्कपत्रकात दिसत नाहीत. परंतु घरच्या शेतीवर त्यांचा भार पडतोच. मुलींच्या बाबतीत या प्रतीक्षेत विवाहाचे वय आडवे येते आणि अनेकदा दाखला पेटीतच राहतो.

मिळकतीची बाजू

२००० मध्ये राज्यात शिक्षण सेवक योजना आली. नव्या शिक्षकास पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी मानधन मिळू लागले. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागू झाली. २००१ मधील ‘कायम विनाअनुदानित’ धोरणाखाली निघालेल्या शाळांतील शिक्षकांना २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळल्यानंतरही अनुदानासाठी अनेक वर्षे थांबावे लागले. मे २०१२ मध्ये अनुदानित शाळांतील भरतीवर निर्बंध आले.

मानधनाचा हिशेब बोलका आहे. प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन दरमहा ६,००० रुपये होते. ते २०२३ मध्ये १६,००० रुपये झाले. सातव्या वेतन आयोगानुसार याच पदाचे प्रारंभिक मूळ वेतन २९,२०० रुपये आहे. भत्ते न धरताही तीन वर्षांतील तफावत जुन्या दराने ८,३५,२०० रुपये व नव्या दराने ४,७५,२०० रुपये येते. म्हणजेच नियुक्ती मिळाल्यानंतरही शिक्षक तीन वर्षे प्रशिक्षणाची किंमत मोजतच असतो.

न्यायालयीन निर्णयांनीही हे गणित बदलले. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी पात्रता ठरत नसल्याचा निर्णय दिला. १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा आवश्यक ठरविली. बालकांच्या गुणवत्तापूर्ण शिक्षणाच्या दृष्टीने या निर्णयांमागील भूमिका समजण्यासारखी आहे. तथापि, पूर्वीच्या नियमांवर विसंबून खर्च केलेल्या कुटुंबांना त्याची झळ बसली, हेही नाकारता येत नाही.

निष्कर्ष

१) निवड होऊन कायम झालेल्या शिक्षकाच्या बाबतीत प्रशिक्षणाचा खर्च दीर्घ सेवेत भरून निघतो. निवड न झालेल्यांच्या बाबतीत तो जवळजवळ संपूर्ण बुडतो.
२) या खर्चातील सर्वात मोठा घटक शुल्क नसून प्रतीक्षेची वर्षे हा आहे.
३) कुटुंब खर्च आधी करते, मिळकतीच्या अटी मात्र नंतर बदलतात. जोखीम अशा रीतीने शासनाकडून शेतकऱ्याच्या घराकडे सरकली आहे.
४) प्रवेशक्षमता ठरविताना जिल्हानिहाय रिक्त पदे जाहीर करणे, चाचणी व भरती दरवर्षी ठरलेल्या वेळी घेणे आणि मानधन महागाईशी जोडणे आवश्यक आहे.

१८८२ मध्ये फुले यांनी दाखल्याची किंमत निश्चित असावी, असा आग्रह धरला होता. वाशीमसारख्या जिल्ह्यात तो आग्रह आजही तितकाच समर्पक ठरतो.