बारीक बाईला शुगर कशी होते?

शुगरचा विषय निघाला की आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या बचतगटांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘मी अशी वाळलेली काडी, दिवसभर कपाशीत वाकलेली, मला कशी होईल शुगर?’ या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे. आज तोच थोडा उलगडू या.

आजार नवा नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या जुन्या वैद्यकग्रंथांत ‘मधुमेह’ हे नाव येतं. लघवीला मुंग्या लागतात ही खूणही त्यांना माहीत होती. बसून खाणाऱ्यांना हा रोग होतो, अशी तेव्हाची एक समजूत होती. म्हणून सुश्रुताने गरीब रोग्याला उपाय सांगितला, शंभर योजनं चाल, शेत कस, विहीर खण, आणि तेही अनवाणी! चालण्याचा सल्ला आजही खरा आहे. अनवाणी मात्र आपण चालायचं नाही. शुगरने पायाची जाणीव कमी होते, पऱ्हाटीचं खुंट रुतलं तरी कळत नाही आणि जखम चिघळते. शेतातही चप्पल-बूट घाला. रोज रात्री तळपाय बघा, वाकता येत नसेल तर नातवाला बघायला सांगा.

इन्सुलिन नव्हतं तेव्हा, लहानपणीच शुगर झालेली मुलं फार दिवस जगत नसत. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातल्या टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. पहिल्या वेळी फारसा गुण आला नाही. औषध आणखी शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिलं, आणि पोरगा सावरला. ‘इंजेक्शन लागलं म्हणजे संपलं’ असं आपल्याकडे बायका कुजबुजतात, पण इतिहास नेमका उलटा आहे. इंजेक्शन आलं तेव्हापासून माणसं जगायला लागली.

आता बारीक बाईचं उत्तर. ते आपल्याच महाराष्ट्रातून आलं. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, बेताचं खाणाऱ्या, आपल्यासारख्याच बाया. त्यांची बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत मांस कमी आणि वजनाच्या मानाने चरबी जास्त निघाली. दिसायला बारीक, आतून चरबी. अशा शरीराला पुढे शुगरचा धोका जास्त. ज्या आया पालेभाजी आणि फळं वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं मोठी निघाली.

म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर तळाची भाजी खाणाऱ्या बाईच्या ताटातूनही शुगरची वाट जाते. सुनेच्या ताटात मेथी, पोकळा, डाळ आधी वाढा. गरोदरपणात ग्लुकोज पाजून करतात ती तपासणीही चुकवू नका.

आपल्या घरचं कळण्याचं पीठ विसरू नका. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेली ती भाकरी नुसत्या गव्हाच्या पोळीपेक्षा पोटात जास्त टिकते. पण भाकरी म्हणजे औषध नव्हे. तीन खाल्ल्या तर साखर वाढणारच. एक भाकरी, भरपूर भाजी, वाटीभर डाळ. रावेर-यावलचं केळं पूर्ण बंद करायची गरज नाही. अर्धं खा, जेवणानंतर लगेच नको. आखाजीला पुरणपोळी आणि आमरस दोन्ही ताटात येतात, त्यातलं एकच घ्या, तेही थोडं.

नवरात्राचे उपास असतील तर गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरते. अंग थरथरलं, घाम सुटला, अंधारी आली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची. तेव्हा उपास मोडला तरी देव रागावत नाही. आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने गोळी सोडायची नाही.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची शुगर उपकेंद्रात मोफत तपासतात. पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा, आणि तपासणीसाठी सगळ्या एकत्रच निघा. एकटीला जायचं म्हटलं की घरचं काम आडवं येतं.